गढूळ पाण्याचा हिशेब

नदीचे प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक नाला येतो. काळा, फेसाळ, शहराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या पाठीमागून निघालेला. त्या नाल्याला तोंड असते, म्हणून दोषी सापडतो, नोटीस निघते, शुद्धीकरण केंद्राची निविदा निघते. सातपुड्यात अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या पठारावर आले की असा नाला दिसत नाही. धुराडे नाही, गटारांचे जाळे नाही. साहजिकच इथले पाणी स्वच्छ आहे असे गृहीत धरले जाते आणि नदी सुधारण्याचा पैसा खाली, सपाटीवरच्या गावांकडे वळतो.

हा समज उथळ आहे. त्याला जोडून येणारा दुसरा समज तर अन्यायाचाही आहे. पावसाळ्यात नर्मदेला आणि तापीला मिळणारे लालसर पाणी पाहिले की लगेच म्हटले जाते, डोंगरातल्या लोकांनी जंगल तोडून उतार नांगरले, दुसरे काय होणार! पहिला समज डोंगराला निर्दोष ठरवून विषयच मिटवतो, दुसरा डोंगरातल्या माणसाला गुन्हेगार ठरवून विषय पोलिसांकडे आणि वनखात्याकडे देतो.

माझे म्हणणे असे. डोंगरशेतीच्या मुलखात नदी बिघडवणारा मुख्य पदार्थ म्हणजे शेतातून निसटलेली माती आणि तिच्याबरोबर जाणारे खत, शेण, फवारणीचे औषध. ही माती एका तोंडातून येत नाही, शेकडो शेतांच्या पायथ्यांतून येते. म्हणून तिला आवरण्याचा प्रकल्प बांधकामाच्या पद्धतीने चालवला की तो फसतो. शेतकऱ्याच्या निर्णयांभोवती तो बेतावा लागतो. काय मोजायचे, कोणासाठी आखायचे, कधी राबायचे आणि पैसे कशाचे द्यायचे, या चारही गोष्टी आज कचेरीच्या सोयीने ठरतात. बदल तिथे हवा.

१. माती कशी निघते

सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. त्यावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली खडक. जूनमध्ये पहिला पाऊस येतो तेव्हा शेत नांगरून उघडे पडलेले असते. पिकाचे पान नाही, गवताचे मूळ नाही. थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण सुटतात, बारीक कण वरची छिद्रे बुजवतात, पाणी जिरायचे थांबते आणि पातळ पडद्यासारखे उतारावरून सरकू लागते. घळी पडतात त्या नंतर. खरे नुकसान आधीच, डोळ्यांना न दिसता झालेले असते.

न दिसण्याचे कारण साध्या गणितात आहे. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर दहा घनमीटर माती जाते, म्हणजे ढोबळमानाने तेरा टन. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशासाठी केलेला अंदाज दरवर्षी हेक्टरी १६.३५ टनांचा होता. म्हणजे जाडीने जेमतेम सव्वा मिलिमीटर. कोणता शेतकरी ते बघून सांगेल? देशभराचा आकडा ५३३.४ कोटी टन, त्यातले सुमारे २९ टक्के समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते, असे त्याच अभ्यासात आहे. आकडा जुना आहे आणि सरासरीचा आहे. तिरप्या उतारावर, पातळ जमिनीत सरासरीला फारसा अर्थ राहत नाही.

माती एकटी जात नाही. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटते आणि कणांबरोबरच प्रवास करते. युरियातले नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते. बकऱ्यांच्या लेंड्या, गुरांचे शेण, उघड्यावरची घाण, सगळे पहिल्या दोन-चार पावसांत नाल्यात उतरते. पीकपद्धतही बदलते आहे. भगर, ज्वारी, तूर, उडीद यांची मिसळ वेगवेगळ्या उंचीने आणि वेगवेगळ्या वेळी जमीन झाकत असे. निव्वळ मका किंवा सोयाबीन पेरले की ओळींमधली जमीन उघडी राहते, आणि तण काढायला माणसे नसली की तणनाशक येते. डाबसारख्या थंड हवेच्या गावात स्ट्रॉबेरी पिकू लागली. पैसा आला हे चांगलेच, पण त्याबरोबर फवारण्याही आल्या.

या सगळ्याचा पहिला बळी खालचे धरण नाही, वरचा पाडा आहे. नाल्याकाठी वाळू उकरून केलेल्या झिऱ्याचे पाणी पिणाऱ्या घरात पहिल्या पावसानंतर पोट बिघडते. शेतात फोकलेल्या युरियाचा मोठा भाग सरीबरोबर निघून जातो. ४५ किलोची गोणी अनुदानात २६६ रुपये ५० पैशांना मिळते, पण घाटावरच्या दुकानातून पाड्यावर नेईपर्यंत तिला पाठीवरची मजुरी लागलेली असते. नदीला जे नको आहे ते शेतकऱ्याच्या दृष्टीने हरवलेले भांडवल आहे. हितसंबंध इतके जुळलेले असताना इथे दंडाची भाषा कोणी का वापरावी, हे मला कधी समजलेले नाही.

२. माप चुकले की नदीच दिसत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. ही यादी ठरते एका कसोटीवर: जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेली का? सांडपाण्यासाठी ही कसोटी उत्तम आहे. मातीसाठी ती जवळजवळ आंधळी आहे. चहाच्या रंगाची, हात घातला तर बोटे न दिसणारी नदी या कसोटीत पास होऊ शकते.

त्यात नमुन्यांची पद्धत. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या अंतराने बाटली भरायची. डोंगरी नाल्यात वर्षभराची बहुतेक माती मोजक्या मोठ्या पावसांत, तासांच्या हिशेबात वाहून जाते. महिन्याच्या ठरल्या दिवशी नाल्यावर जाणाऱ्याला पाणी नितळच सापडणार. अहवाल खोटा नसतो, तो चुकीच्या दिवसाचा असतो.

कायद्याचा यात दोष नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्याच्या भौतिक गुणधर्मांत झालेला बिघाडही प्रदूषणात धरला आहे, आणि घन पदार्थ पाण्यात आडमार्गाने जाणेही. प्रत्यक्ष व्यवहार मात्र सांडपाण्यापाशी आणि कारखान्यांपाशी थांबला, कारण ते मोजायला आणि पकडायला सोपे.

मग डोंगरात काय मोजावे? गढूळपणा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तळाशी खूण असलेली पारदर्शक नळी, आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत ओतलेले पाणी, एवढ्यावर तुलनेपुरते माप मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एकक आहे, दुसरा स्रोत नसेल तर ५. पहिल्या सरीच्या नाल्याचा आकडा याच्या शेजारी ठेवला की वेगळे भाषण लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच स्त्रियांना पाणी तपासणीच्या पेटीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहेच. त्याच बायकांनी मोठा पाऊस पडून गेल्याबरोबर नळी भरावी, आणि बाटलीमागे मोबदला घ्यावा. महिन्याला एकदा येणाऱ्या जीपपेक्षा हे स्वस्त आहे, आणि नेमके त्या तासाला घडणारे आहे.

३. धरणाचा गाळ आणि शेताची माती

यावर कोणी म्हणेल, हे पाणलोट विकासाचेच जुने काम आहे, नवे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

सरदार सरोवराला पर्यावरण मंजुरी मिळाली ती जून १९८७ मध्ये, अटींसह. पाणलोट क्षेत्राचे उपचार धरणाच्या बांधकामाच्या बरोबरीने पुरे व्हावेत ही त्यांतली एक. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतले नर्मदेकडे उतरणारे डोंगर त्या आराखड्यात आले. धरण १३८.६८ मीटरला पोचले, महाराष्ट्रातली मणिबेलीपासूनची ३३ गावे त्याच्या छायेत आली. डोंगरावरच्या कामाची मोजदाद मात्र किती हेक्टरवर उपचार झाले, किती रोपे लावली, किती बांध घातले अशी झाली. धरणाचे आयुष्य वाढावे हा त्या उपचारांचा हेतू होता. पाड्याचा झिरा स्वच्छ राहिला का, हा प्रश्न आराखड्याच्या गाभ्यात नव्हता. लोकांना आपल्यासाठी नसलेल्या कामाची राखण करण्याचे कारण नसते.

राज्याच्या पातळीवर विसंगती याहून मजेशीर आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तलावातला गाळ उपसून शेतात टाकायचा. योजना उपयोगाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ती काय कबूल करते ते पाहावे. शेतातली माती आधी वाहू द्यायची, मग यंत्राने उपसायची, डिझेल जाळून परत न्यायची. आणि ज्याच्या शेतातून ती गेली त्याला ती मिळत नाही, तलावाजवळच्याला मिळते. डोंगरमाथ्यावर ट्रॉली चढत नाही.

राज्याच्याच जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात त्याचा परिणाम थोडाच दिसला, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मधल्या अहवालाने म्हटले. कागदावर तत्त्व माथ्यापासून पायथ्याकडे जाण्याचे होते. गाजली ती नाला खोल करण्याची कामे, कारण त्यात यंत्र चालते, मोजमाप घनमीटरात होते आणि बिल लवकर निघते.

फरक इथे आहे. पाणी साठवणे हे ध्येय असेल तर भरलेला बंधारा हे यश. प्रदूषण कमी करणे हे ध्येय असेल तर दोन पावसाळ्यांत गाळाने भरलेला बंधारा ही वरच्या उतारावरच्या अपयशाची नोंद. तोच दगड, तेच सिमेंट, पण हिशेबाचा अर्थ उलटा. त्यामुळे कामांचा क्रमही बदलतो. आधी शेताच्या आत आडवी मशागत, बांधावर गवत किंवा वाळ्याच्या ओळी, मग समतल चर, मग घळीत अनगड दगडी बांध, आणि नाल्यावरचा सिमेंट बंधारा सगळ्यांत शेवटी. कधी कधी तो लागतही नाही.

४. सुखना तलावाने दिलेला धडा

चंडीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये बांधला गेला आणि शिवालिकच्या टेकड्यांतल्या मातीने भराभर भरू लागला. मृद्संधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा सत्तरच्या दशकात गाळाचा माग काढत वर गेले आणि सुखोमाजरी या गावापाशी पोचले. चर, बांध, रोपे, सगळे करून झाले. बकऱ्या पुन्हा टेकडीवर चढल्या, कारण गावाकडे दुसरा उपाय नव्हता. वळण आले ते गावासाठी लहान मातीचे धरण बांधल्यावर, आणि खरे तर त्यातल्या पाण्याच्या वाटणीचा नियम ठरल्यावर. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही. बदल्यात टेकडीवर मोकाट चराई बंद. कुंपण न घालता टेकडी हिरवी झाली आणि तलावात येणारा गाळ झपाट्याने घटला.

या कथेचा गौरव पुष्कळ झाला, पण तिच्यातला व्यवहार विसरला जातो. शहराच्या तलावाचा प्रश्न सुटला तो डोंगरातल्या भूमिहीनाला पाण्याचा हक्क दिल्यामुळे. भूमिहीनाची एक बकरी करार मोडायला पुरेशी असते.

न्यूयॉर्क शहराने दुसऱ्या टोकावरून हेच केले. कॅट्सकिल डोंगरातून येणारे पाणी गाळायचे तर केंद्राचा खर्च अब्जावधी डॉलर होता. शहराने आधी नियम लादायचे ठरवले, शेतकरी भडकले. मग शेतकऱ्यांच्याच परिषदेने प्रत्येक शेताचा आराखडा करायचा आणि खर्च शहराने द्यायचा असे ठरले. १९९७ च्या मोठ्या करारात ते पक्के झाले. मोलगी म्हणजे कॅट्सकिल नव्हे. तिथला शेतकरी जमिनीचा निर्विवाद मालक आहे, इथला नेहमी नसतो.

५. एकक पाडा, कागद नेवाडाचा

सातपुड्यातले गाव नकाशावर एक ठिपका असते, प्रत्यक्षात विखुरलेले पाडे. घर ज्याच्या त्याच्या शेतात, दोन घरांत एक टेकाड. महसुली गाव हे एकक धरले की ग्रामसभेला जवळचे पाडे येतात, माथ्यावरचे येत नाहीत, आणि माती माथ्यावरून सुटते. एक नाला आणि त्याच्या दोन्ही उतारांवरची तीस-चाळीस घरे, हे खरे एकक. भिलांमध्ये एकमेकांच्या कामाला एकत्र राबण्याची रीत आहे. झाबुआकडे तिला हलमा म्हणतात आणि त्याच रीतीने तिथल्या हाथीपावा टेकडीवर हजारो माणसांनी चर खणले. या रीतीचा व्याप नाल्याएवढा असतो, तालुक्याएवढा नाही.

मग जमीन. सगळ्यांत तिरपी शेते बहुधा नेवाडाची, म्हणजे वनजमिनीवर कसलेली. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याला चार हेक्टरपर्यंत मान्यता देणारा. पण दावा दाखल होणे, मंजूर होणे, मोजणी होणे आणि जमिनीच्या नोंदीत नाव लागणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्याचा दावा लोंबकळतो आहे त्याला सातबारा नाही, म्हणून बांधबंदिस्तीचे अनुदानही सहज नाही. आणि जी जमीन उद्या राहील की नाही माहीत नाही तिच्यात वीस वर्षे टिकणारा दगडी बांध कोण घालील? प्रलंबित दाव्यांचा निकाल हे प्रदूषण प्रकल्पाचे काम नाही असे कोणी म्हटले, तर त्याने प्रकल्पाच्या यादीतून सगळ्यांत तिरपी शेते आधीच वगळली.

त्याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला पाण्याचे स्रोत आणि पाणलोट जपण्याचा अधिकार देते. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. अधिकार आणि थोडा पैसा गावात आहे. गावाला हे जमते याचे उदाहरण म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला बारीपाडा. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तिथे नव्वदच्या दशकापासून जंगल राखले. गावाने स्वतः ठरवलेले नियम किती टिकतात हे पाहायला लांब जावे लागत नाही.

६. होळी आणि ३१ मार्च

दिवाळीनंतर इथली माणसे ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत उतरतात. होळीला परततात; काठी गावची राजवाडी होळी कोणी चुकवत नाही. बांधबंदिस्तीला योग्य काळ होळी ते पहिला पाऊस, आणि त्यातही आमचूरचे दिवस येतात. चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून वाळवायला घरातले सगळे हात लागतात. मोलगीच्या बाजारात त्यातून मिळणारा पैसा हाच पेरणीचा पैसा.

प्रकल्पाचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. निधी जानेवारी-फेब्रुवारीत येतो, माणसे बारडोलीच्या उसात असतात, आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. मग यंत्र येते. यंत्राचा दोष काढणे सोपे आहे; ते बोलावले तारखेने. प्रकल्पाचा निधी एप्रिल ते जूनसाठी राखून ठेवण्याची मुभा नसेल तर मी अशा प्रकल्पाला हात न लावण्याचा सल्ला देईन. आणि मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात पडली पाहिजे. दोन महिन्यांनी खात्यात जमा होणाऱ्या मजुरीवर कोणी ऊसतोडीची उचल नाकारत नाही.

७. पैसे कशाचे

कामाचे पैसे दिले तर काम मिळते, परिणाम मिळेलच असे नाही. नुसत्या परिणामाचे दिले तर पावसाच्या लहरीचा धोका गरिबावर पडतो. म्हणून दोन्ही हवेत. दगड रचण्याची मजुरी लगेच. आणि पाड्याला मिळून एक वार्षिक रक्कम, नाल्याच्या तोंडाशी गढूळपणा शेजारच्या उपचार न केलेल्या नाल्यापेक्षा किती कमी राहिला त्यावर. शेजारचा नाला मोजणे गरजेचे आहे, कारण कमी पावसाच्या वर्षी सगळ्यांचेच पाणी नितळ दिसते.

सर्वांत तिरपा पट्टा नांगराखालून काढायचा असेल तर त्या पट्ट्यातले उत्पन्न भरून द्यावे लागेल. महाराष्ट्राची रोजगार हमीतली फळबाग योजना १९९० पासूनची आहे. आंबा, महू, चारोळी ही झाडे इथली, बाजार इथला. पण कलम लावल्यापासून कैरी येईपर्यंतची चार-पाच वर्षे घरात धान्य कुठून येणार, याचे उत्तर योजनेत नसते. ते द्यायला हवे, धान्यात किंवा रोखीत.

८. तीन आक्षेप

पहिला: सुरत-अंकलेश्वरच्या रसायनांपुढे मोलगीचा युरिया किती? खरोखर थोडा. एका लिटरमागचे विष मोजले तर तुलनाच नाही. पण कारखान्याचे विष थांबवल्याने धरणातला गाळ हटत नाही आणि पाड्याचा झिरा सुधारत नाही. शिवाय खताचा वापर अजून थोडा आहे म्हणूनच इथे उपाय स्वस्त आहे.

दुसरा: धूप नैसर्गिक आहे, नद्यांनी मैदाने अशीच घडवली. बरोबर. काही माती वाहणारच, आणि शून्य गढूळपणाचे उद्दिष्ट ठेवणारा प्रकल्प खोटे आकडे लिहायला शिकवील. म्हणूनच शेजारच्या नाल्याशी, आणि जमल्यास राखलेल्या जंगलातून येणाऱ्या ओहोळाशी तुलना करायची.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यावरच आता नदी स्वच्छ ठेवण्याचे ओझे? प्रकल्प सक्तीचा असेल, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचे फलक लावून येणार असेल, तर आक्षेप संपूर्ण खरा आहे आणि असा प्रकल्प होऊ नये. पण नितळ पाणी खाली पोचवणे ही सेवा मानून तिची किंमत खालच्या लाभधारकांकडून घेतली, तर ते ओझे राहत नाही, येणे होते. सातपुड्याच्या उत्तर उतारावरची माती सरदार सरोवरात साचते, दक्षिणेची तापीवरच्या उकाईत. दोन्ही जलाशयांचे पाणी आणि वीज विकली जाते. त्या विकल्या जाणाऱ्या पाण्यात डोंगराचा हिस्सा किती, हा प्रश्न दोन राज्यांच्या टेबलावर मांडायचा तर हातात आकडे लागतील, आणि आज ते गोळा होत नाहीत.

९. पहिले वर्ष

म्हणून सुरुवात लहान करावी. मोलगीच्या आसपासचे दोन शेजारशेजारचे नाले निवडावेत, उतार आणि पिके साधारण सारखी असलेले. पहिल्या पावसाळ्यात एकही दगड हलवू नये, एकही चर खणू नये. फक्त नळ्या, पर्जन्यमापक, चार-सहा बायकांची मजुरी, आणि प्रत्येक मोठ्या पावसाची वही. पुढच्या होळीला वही पाड्यात वाचून दाखवावी आणि मगच कोणत्या शेतापासून लागायचे ते लोकांनी ठरवावे. त्या वर्षाच्या मार्चअखेर खर्चाच्या रकान्यात जवळजवळ शून्य असेल, आणि त्या शून्यावर सही करायला तयार असलेला अधिकारी नाल्यांच्याही आधी शोधावा लागेल.